गुण सुईचा की सुई टोचणाऱ्याचा?

पोटाच्या जुनाट तक्रारीवर ॲक्युपंक्चर हा खात्रीचा इलाज असल्याचा निर्वाळा मध्यंतरी एका रविवार पुरवणीत देण्यात आला. अर्धे पान मजकूर, सोबत गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सुया टोचलेल्या पायाचे रंगीत छायाचित्र, आणि खाली एक चौकट: ‘हे करून पाहाच’. लेखकमहाशयांचे नाव मी देत नाही. त्यांचे म्हणणे मी इतक्या जणांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की ते एकट्या त्यांच्या नावावर जमा करणे बाकीच्यांवर अन्याय होईल.

त्यांचा पूर्वपक्ष असा. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, ॲलोपॅथीला कळलेलाच नाही. म्हणून ते लोक ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून वाटेला लावतात. शरीरात ठरावीक वाहिन्यांतून ‘ची’ नावाची ऊर्जा खेळत असते. ती पोटापाशी तुंबली की मुरडा येतो, जुलाब होतात, नाहीतर चार चार दिवस पोट साफ होत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचली की तुंबलेले वाहते होते. विद्या हजारो वर्षांची आहे, चीनमध्ये कोट्यवधी लोक तिचा लाभ घेतात, अमेरिकेत ती उंदरांवर सिद्ध झाली आहे, सरकारने तिला मान्यता दिली आहे, दुष्परिणाम शून्य आहेत, आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांचा तो वारसा आहे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे लेखकमहाशयांच्या मेहुण्यांना गुण आला. ज्याला शंका असेल त्याने आधी टोचून घ्यावे, मग बोलावे. हे सगळे मांडताना मी त्यांच्यावर थोडा अन्याय केला असेल. मेहुण्यांवर त्यांनी दीड रकाना खर्चला आहे, मी त्यांना एका वाक्यात उरकले.

किरकोळ मुद्दे आधी हातावेगळे करतो. विद्या जुनी आहे म्हणून खरी, हे मान्य केले तर जळवा लावून आणि शिरा कापून रक्त काढण्याचा इलाजही आज चालू ठेवावा लागेल; तोही अनेक शतके मोठमोठ्या वैद्यांनी मनोभावे केला. शिवाय जुनेपणाचा एवढा अभिमान असेल तर १८२२ साली चीनच्या बादशहानेच राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर हद्दपार केले होते, हेही त्या जुनेपणात धरावे. दुष्परिणाम कमी आहेत, शून्य नाहीत. छातीवर खोल गेलेल्या सुईने फुफ्फुसाभोवती हवा शिरल्याच्या नोंदी आहेत. केंद्र सरकारने २०१९ साली या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, हे खरे. मान्यता म्हणजे हा व्यवसाय कोणी आणि काय शिकून करावा याची सोय. राजपत्रात छापून आल्याने कोणाचे आतडे वळणावर आल्याचे ऐकिवात नाही.

उंदरांचा प्रयोग खरा आहे आणि उत्तमही आहे. २०२१ साली ‘नेचर’मध्ये तो प्रसिद्ध झाला. उंदराच्या मागच्या पायाला ठरावीक जागी सुईतून सौम्य वीज दिली की विशिष्ट चेतातंतू जागे होतात, निरोप मेंदूत जाऊन व्हेगस चेतेमार्गे अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोचतो आणि शरीरातला दाह कमी होतो, असे त्यात दिसले. पण ते उंदीर जिवाणूंचे विष टोचून आजारी पाडलेले होते, त्यांना आयबीएस नव्हता. आणि संशोधकांना पायात सापडले ते चेतातंतू. ‘ची’ची वाहिनी नव्हे. लेखकमहाशयांनी उंदीर घेतला आणि चेतातंतू सोडून दिले.

कोटणीसांचे नाव मात्र इतक्या सहजी सोडवत नाही. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणून. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला हा सोलापूरचा तरुण युद्धात जखमी झालेल्यांची ऑपरेशने करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेला. त्याच पथकातले डॉक्टर बसू पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात रुजवले. त्या कामाला दिवंगत सहकाऱ्याचे नाव लागले. वारसा म्हणतात तो एवढाच. कोटणीसांनी ज्या सुया हाताळल्या त्या जखमा शिवायच्या होत्या. पण आपल्याकडे एकदा का माणूस हुतात्मा झाला की त्याच्या फोटोखाली कोणीही आपले दुकान मांडावे, ही रीतच पडून गेली आहे.

आता मेहुणे.

‘गुण आला’ या दोन शब्दांपुढे भलेभले गप्प बसतात. समोरचा माणूस खोटे बोलत नसतो, त्याला खरोखर बरे वाटलेले असते, आणि त्याचा आनंद हिरावून घेणारे आपण कोण, असे वाटते. म्हणूनच या मुद्द्याशी सावकाश भांडले पाहिजे. आधी हा आजार काय आहे ते बघू. आयबीएसच्या माणसाचे रक्त तपासा, सोनोग्राफी करा, दुर्बीण घालून आतडे बघा, सगळे नॉर्मल. माणूस तेवढा नॉर्मल नसतो. एसटीत बसण्याआधी तो गाडी मध्ये कुठे थांबते आणि तिथले स्वच्छतागृह उघडे असते का, याची चौकशी करतो. घरातून निघताना दोनदा जाऊन आलेला असतो आणि तरी रिक्षा कोपऱ्यावर वळते न वळते तोच पोटात कळ येते. लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला की त्याचा चेहरा बघावा. डॉक्टरांच्या लेखी आज या आजाराची ओळख ‘रोम’ निकषांवरून होते: गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी, आणि तिचा शौचाला होण्याशी किंवा शौचाच्या बदललेल्या तऱ्हेशी संबंध. आतड्याचे स्नायू, तिथले चेतातंतू आणि मेंदू यांच्यातले दळणवळण बिघडलेले असते. आतड्यातला साधा वायूसुद्धा मेंदूला वेदना म्हणून कळतो.

या आजाराचा दुसरा स्वभाव म्हणजे चढउतार. चार आठवडे छळतो, मग कारण नसताना दोन आठवडे सोडतो. आणि माणूस नव्या इलाजाकडे कधी वळतो? पोट बरे असताना कोणी सुया टोचून घ्यायला जात नाही. अगदी टेकीला आला की जातो. म्हणजे जिथून उतार सुरू होणारच असतो, नेमका तिथे इलाज सुरू होतो. पाऊस धो धो लागल्यावर छत्री उघडायची आणि सर ओसरली की छत्रीने पाऊस थांबवला म्हणून सांगत सुटायचे, त्यातला हा प्रकार. औषधांच्या चाचण्यांत ज्यांना नुसती बिनऔषधाची गोळी मिळते, अशा आयबीएसच्या रुग्णांपैकीही साधारण ४० टक्क्यांना बरे वाटते. मेहुण्यांनी काहीही केले असते तरी त्यांना गुण येण्याची शक्यता ही इतकी होती. त्यांनी त्या महिन्यात शेजारच्या काकूंचा ओव्याचा अर्क घेतला असता तर आज पुरवणीत ओव्याचे छायाचित्र असते.

अमेरिकेत ॲक्युपंक्चरची हवा झाली तीही अशाच एका पोटाने. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला गेलेले असताना त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. ऑपरेशन नेहमीसारखे, भुलीचे औषध टोचून झाले. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा तिथल्या वैद्याने कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या, पोटाजवळ औषधी वनस्पतीचा धूर दिला आणि तासाभरात फुगारा उतरला. रेस्टनने हे प्रामाणिकपणे, काहीसे गमतीने लिहिले. पुढे त्याची दंतकथा झाली आणि आजही ‘भूल न देता सुया टोचून ऑपरेशन केले’ अशी ती सांगितली जाते. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी एक-दोन दिवस मंदावतात आणि मग आपसूक चालू लागतात, हे कुठल्याही सर्जिकल वॉर्डातली मावशी सांगेल. वायू सरला की सगळा वॉर्ड सुस्कारा टाकतो, तिथे कोणी सुया टोचलेल्या नसतात.

तरी विरोधक म्हणेल, हे झाले तर्काचे. सुईचे स्वतःचे काहीच नसेल कशावरून? रास्त प्रश्न आहे, आणि तो सोडवण्यासाठी जे यंत्र निघाले ते मला फार आवडते. १९९८ साली श्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्झ या जर्मन संशोधकांनी खोटी सुई बनवली. टोक बोथट, मूठ पोकळ. त्वचेवर प्लास्टिकचे छोटे कडे ठेवतात, त्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीतून सुई खाली दाबतात. रुग्णाला टोचल्यासारखे जाणवते. सुई आखूड होताना दिसते, कारण ती मुठीत सरकत असते. त्याला वाटते आत शिरली. कडे आणि पट्टी तिला उभे धरून ठेवतात. कातडीला भोक पडत नाही. नाटकातल्या खंजिराची ही युक्ती ज्यांनी वैद्यकात आणली त्यांना माझा नमस्कार. कारण आता रुग्णांचे दोन गट करता येतात, दोघांनाही तीच खोली, तोच वैद्य, तेवढाच वेळ आणि तीच आशा. फरक फक्त एकाच गोष्टीचा, सुई खरी की खोटी.

मग काय दिसले? कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली आयबीएसवरच्या ॲक्युपंक्चरच्या १७ चाचण्या, मिळून १८०६ रुग्ण, एकत्र पाहिल्या. खोट्या उपचाराशी तुलना केलेल्या चाचण्यांत खऱ्या ॲक्युपंक्चरने लक्षणे अधिक कमी झाली नाहीत आणि रोजचे जगणेही अधिक सुधारले नाही. त्याच आढाव्यात चीनमधल्या काही चाचण्या अशा होत्या की ज्यांत सुईची तुलना पोटाची कळ कमी करणाऱ्या गोळ्यांशी केली होती. तिथे सुईवाल्यांपैकी ८४ टक्के आणि गोळीवाल्यांपैकी ६३ टक्के सुधारले. लेखकमहाशयांनी ही ८४ची संख्या उचलली आहे, आणि वरचे वाक्य त्यांच्या नजरेतून निसटले आहे. नजरेचा दोष असेल. गोळीवाल्याला माहीत असते की आपल्याला गोळीच मिळाली, सुईवाल्याला माहीत असते की आपल्याला सुई मिळाली, आणि दोघेही अशा देशात राहतात जिथे सुईवर पिढ्यानपिढ्यांचा विश्वास आहे. कोण जास्त बरे वाटल्याचे सांगेल? २०२० साली ५३१ रुग्णांची आणखी मोठी चिनी चाचणी आली, तीतही सुईने गोळ्यांवर मात केली आणि तीतही खोटी सुई नव्हती. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या २०१२ च्या अभ्यासाचीही तीच गत: २३३ रुग्ण, एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला नेहमीचे उपचार अधिक ॲक्युपंक्चर. ज्याला जास्त मिळाले त्याला थोडे जास्त बरे वाटले. यातून सुई कामाची ठरते की आठवड्याला कोणीतरी आस्थेने भेटते हे कामाचे ठरते, ते सांगायला हा अभ्यास असमर्थ आहे. इंग्लंडच्याच आरोग्यसेवेसाठी नाइस या संस्थेने २००८ साली जी मार्गदर्शिका काढली तीत आयबीएससाठी ॲक्युपंक्चरला उत्तेजन देऊ नये, असे स्वच्छ लिहिले आहे.

इथे एक हुशार उत्तर येते. ‘खोटी सुईही थोडीफार काम करतच असणार, म्हणून फरक दिसत नाही.’ फार छान. मग त्या शेकडो बिंदूंचे काय, ज्यांचे तक्ते दवाखान्याच्या भिंतीवर लावलेले असतात आणि जे पाठ करण्यात विद्यार्थ्यांची वर्षे जातात? २०२२ साली चीनमध्येच जुलाबप्रधान आयबीएसच्या ९० रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. एका गटाला पोटासाठीचे खास बिंदू, दुसऱ्याला पोटासाठी खास नसलेले बिंदू, तिसऱ्याला भलत्याच जागी खोटा उपचार. पहिल्या गटात ४६.७ टक्क्यांना गुण आला. दुसऱ्या गटात ४६.७ टक्क्यांना. दशांशासकट तेवढेच. तिसऱ्यात २६.७, पण गट इतके लहान होते की हा फरकही योगायोगाच्या पलीकडे गेला नाही. ज्यांनी हे छापले त्या चिनी संशोधकांच्या सचोटीचे कौतुक, कारण एके काळी तिकडून येणारी ॲक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी यशस्वीच असायची. १९९८ साली कोणीतरी हे मोजले तेव्हा त्यावर शोधनिबंध झाला.

कंबरदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांत खरी सुई खोट्या सुईपेक्षा थोडी सरस ठरते, असे हजारो रुग्णांच्या एकत्रित आकडेवारीत दिसले आहे. ते मी नाकारत नाही. पण मी पोटाबद्दल बोलतो आहे, आणि विरोधकांची सवय अशी की पोटात हरले की गुडघ्यावर जातात.

या सगळ्यात सर्वांत बोलका प्रयोग मी मुद्दाम मागे ठेवला होता. तो बॉस्टनचा, २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेला. करणारे टेड कॅपचुक. हे कोणी औषध कंपन्यांचे दलाल नव्हेत. हे गृहस्थ स्वतः मकावमध्ये चिनी वैद्यक शिकून आलेले. त्यांनी आयबीएसचे २६२ रुग्ण घेतले आणि तीन गट केले. पहिल्याला काहीच नाही, फक्त नाव यादीत. दुसऱ्याला खोट्या सुया, पण वैद्याने बोलायचे नाही. पहिल्या भेटीत पाचेक मिनिटांत जुजबी विचारपूस, सुया लावायच्या आणि खोलीबाहेर जायचे. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया, पण पहिल्या भेटीत पाऊण तास. काय होते, कधी होते, घरी-कामावर त्यामुळे काय अडते, तुम्हाला स्वतःला याचे कारण काय वाटते, हे सगळे विचारायचे. रुग्णाचेच शब्द अधूनमधून परत उच्चारायचे. नाडीवर बोटे ठेवून वीस सेकंद विचारात पडल्यासारखे गप्प बसायचे, हेसुद्धा नियमावलीत लिहिलेले होते. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२.

हे आकडे पुन्हा वाचावेत. खरी सुई यात कोणालाच टोचलेली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला १८ टक्क्यांचा फरक संपूर्णपणे माणसाच्या वागण्याचा आहे. याच प्रयोगाच्या पुढच्या टप्प्यात, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, २३० जणांना खरी किंवा खोटी सुई वाटून दिली, तेव्हा खऱ्यात ४१ आणि खोट्यात ३२ टक्के सुधारले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. नुसते यादीत थांबलेले मात्र ४ टक्केच सुधारले. मेहुण्यांना गुण आला तो याचा. त्यांच्या ॲक्युपंक्चरवाल्याने त्यांना आत बोलावून बसवले, पाणी विचारले आणि त्यांच्या पोटाची कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, असे लेखात स्पष्ट आहे. लेखकमहाशयांनी हे सजावट म्हणून लिहिले, पण इलाज नेमका तिथेच होता.

या टप्प्यावर आमच्याच बाजूचे काही विवेकवादी स्नेही टाळ्या वाजवतात, ‘म्हणजे सगळे मनाचे खेळ!’ त्यांच्याशी माझे जुने भांडण आहे आणि ते इथे मिटणार नाही. एका व्याख्यानमालेत मी हे आकडे सांगितल्यावर एक गृहस्थ उठून म्हणाले, थोडक्यात काय, आजारच खोटा. मुळीच नाही. आजार खरा, वेदना खरी, गुणही खरा. खोटे आहे ते त्या गुणाचे सांगितलेले कारण. आतड्याची वेदना मेंदूत तयार होते आणि मेंदूवर भीतीचा, भरवशाचा परिणाम होतो, यात गूढ काही नाही. पण हे नीट सांगण्याऐवजी ‘मनाचे खेळ’ म्हणून हसले, की रुग्ण उठतो आणि सरळ सुयांच्या दवाखान्यात जातो. तिथे निदान कोणी त्याला हसत नाही. दुसरे एक जुने भांडण पत्रव्यवहारातले. ‘प्रत्येक माणसाची प्रकृती निराळी, त्यामुळे तुमच्या चाचण्या आम्हाला लागू नाहीत’, असे एक पत्रलेखक मला वर्षानुवर्षे लिहीत आले. प्रकृती बघून वैद्याला हव्या तिथे सुया टोचू द्याव्यात, फक्त त्या खऱ्या की खोट्या हे रुग्णाला कळू देऊ नये, एवढेच चाचणी मागते. हे मी त्यांना कळवले. पुढच्या पत्रात त्यांनी एका चाचणीचा हवाला दिला. ती त्यांच्या बाजूची होती.

मग करायचे काय? लोक मला विचारतात, तुम्ही तर सगळे मोडीत काढले, पोटाला काय देणार? माझ्याकडे चमत्कार नाही. जे आहे ते सांगतो. पहिले म्हणजे हा आयबीएसच आहे ना, याची खात्री. शौचातून रक्त, वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन उतरणे, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, यातले काहीही असेल तर आधी तपासणी. आपल्या देशात आतड्याचा क्षय अजून मुबलक आहे आणि तो सुरुवातीला पोटदुखी-जुलाबाचाच वेष घेऊन येतो. सहा महिने सुया टोचत बसलेल्या माणसाला तो परवडत नाही.

दुसरे, इसबगोल. आजीच्या कपाटातली वस्तू म्हणून मी सांगत नाही. नेदरलँडमध्ये २००९ साली २७५ रुग्णांना इसबगोल, गव्हाचा कोंडा किंवा तांदळाचे पीठ दिले. इसबगोल रोज १० ग्रॅम. फायदा इसबगोलाचा झाला, कोंड्याने कित्येकांचे पोट उलट बिघडले. ‘फायबर खा’ म्हणून सरसकट कोंड्याची बिस्किटे गळ्यात मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तिसरे, आहार. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने जो आहार घडवला त्यात कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध असे आतड्यात आंबणारे पदार्थ काही आठवडे बंद करून एकेक परत आणून बघतात. कांदा-लसूण मसाल्याशिवाय ज्या घरात फोडणी पडत नाही तिथे हे सांगणे म्हणजे भांडण ओढवून घेणे, पण अनेकांना याने खरोखर आराम पडतो. आणि एकेक परत आणायचे असते. जन्मभर उपास करायचा नसतो. चौथे, अमिट्रिप्टिलीनची अगदी कमी मात्रा, १० ते ३० मिलिग्रॅम. इंग्लंडात ४६३ रुग्णांवर सहा महिने चाचणी झाली, २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली, आणि तीत खोट्या गोळीपेक्षा ही गोळी सरस ठरली. अडचण वेगळीच होते. केमिस्ट पाकीट हातात देताना सहज म्हणतो, ‘ही डिप्रेशनची आहे हां’, आणि रुग्ण गोळी तशीच टेबलाच्या खणात टाकतो. डॉक्टरने आधीच दोन वाक्यांत सांगितले असते, की या मात्रेत ही आतड्याच्या चेतातंतूंसाठी आहे, तर टाकली नसती.

आणि इथेच माझे मंडन अडखळते, हे मला दिसते. ती दोन वाक्ये कोण बोलणार? महापालिकेच्या दवाखान्यात सकाळी रांग जिन्यापर्यंत आलेली असते. खाजगीतही डॉक्टर मान वर न करता ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हणतो आणि पुढचा नंबर पुकारला जातो. पाऊण तासाची भेट बॉस्टनच्या प्रयोगात परवडते. माझी मागणी लहान आहे: पोटाच्या जुन्या रुग्णाची फक्त पहिली भेट वीस मिनिटांची असावी, आठवड्यातली एक दुपार त्यासाठी राखावी, तिचे निराळे पैसे घ्यायचे तर घ्यावेत. आजार खरा आहे, तो जीवघेणा नाही आणि त्याचे चढउतार होत राहणार, ही तीन वाक्ये रुग्णाने दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी ऐकलेली असावीत. सगळ्या डॉक्टरांना हे जमेल असे नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी लोक ॲक्युपंक्चरकडे जातात म्हणून कपाळाला आठ्या घालू नयेत.

एवढे वाचूनही ज्याला जायचेच आहे त्याला मी अडवत नाही. पाठीत दुखले तर मीही कदाचित विचार करीन. पोटासाठी जाणाऱ्याने मात्र आधी रक्ताची आणि शौचाची तपासणी करून घ्यावी. सुयांचे पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडायला लावावे. चालू औषध परस्पर बंद करू नये. आणि पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे, किती बैठका, एकूण किती रुपये, आणि कितव्या बैठकीपर्यंत फरक पडला नाही तर तुम्ही स्वतः ‘थांबा’ म्हणाल. याचे उत्तर आकड्यात मिळाले नाही, तर फीचे पाकीट खिशातच राहू द्यावे.